जनरेटरचा षड्ज

आमच्याकडे नागपुरात ‘बेस’ या शब्दाचा अर्थ ‘छान’, ‘ठीक’ असा होतो आणि माझ्या सांगीतिक आयुष्यातील निम्म्या अडचणी या एका अर्थातून उद्भवल्या आहेत. लग्नाच्या बोलणीत भावी सासऱ्यांनी, “नोकरीशिवाय काय करता?” असे विचारले, तेव्हा मी नम्रपणे, “बेस वाजवतो,” असे सांगितले. त्यावर ते तितक्याच गंभीरपणे म्हणाले, “ते आम्ही आयकून ठरवू.”

त्यांचा गैरसमज दूर करण्यासाठी मी पुढच्या भेटीत वाद्यच, म्हणजे जाड स्वरांची बेस गिटारच, घेऊन गेलो. सासऱ्यांचे इतवारीत किराण्याचे ठोक दुकान असल्यामुळे त्यांनी आधी तारा मोजल्या. चार भरल्या. बाकीच्या दोन कुठे आहेत, असे त्यांनी विचारले. या गिटारीला चारच असतात, असे मी सांगितले. सहा तारांची गिटार आठ हजारांना मिळते आणि चार तारांची मी सतरा हजारांना घेतली, हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने ते आजही पाहतात. मुलगी त्यांनी दिली, ती बहुधा या माणसाच्या व्यवहारावर घरातील कोणीतरी लक्ष ठेवले पाहिजे, या विचाराने.

त्या सतरा हजारांमागे माझा चार महिन्यांचा अभ्यास होता, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. अमेरिकन गिटारनिर्माते लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन’ हा बेस बाजारात आणला आणि १९६० मध्ये ‘जॅझ बेस’. जगातील बहुतेक बेसवादकांची भांडणे आजही या दोन घडणींवरूनच होतात. तारांची लांबी दोहोंत चौतीस इंच. पण जॅझची मान वरच्या टोकाला दीड इंच रुंद, म्हणजे अरुंद असते आणि माझी बोटे आखूड आहेत, म्हणून मी त्या घडणीची एक स्वस्त नक्कल घेतली. सीताबर्डीच्या दुकानदाराने तिचे सारे गुण सांगितले, फक्त एक गोष्ट सांगितली नाही. प्रिसिजनचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा चुंबकी भाग, १९५७ पासून दोन तुकड्यांत विभागलेला असतो आणि ते तुकडे आसपासच्या विजेची सेकंदाला पन्नास कंपनांची, म्हणजे पन्नास हर्ट्‌झची, घरघर आपापसांत मिटवून टाकतात. जॅझमध्ये दोन स्वतंत्र पिकअप असतात आणि दोघांचे आवाज सारखे ठेवले तरच घरघर मिटते; एकाचा जरा कमी केला की ती परत येते. संयुक्त कुटुंबासारखा हा प्रकार आहे. दोघी जावांना सारखा मान दिला तर घर शांत, नाहीतर पन्नास हर्ट्‌झ.

या पन्नास हर्ट्‌झकडे मी पुढे येणारच आहे, कारण माझ्या आयुष्यातील सर्वांत अपमानास्पद संध्याकाळ त्यांच्यामुळेच घडली. पण त्याआधी वजनाविषयी बोलणे भाग आहे.

जाड स्वर ऐकवणे हे फार खर्चिक काम आहे. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे एकेचाळीस वेळा कंप पावते आणि माणसाचा कान इतक्या खालच्या स्वरांच्या बाबतीत मुळातच आळशी आहे. त्यातच आवाज कानाला दुप्पट वाटायला हवा असेल, तर ताकद दुप्पट करून भागत नाही, सुमारे दसपट करावी लागते. माझा पहिला अँप्लिफायर तीस वॉटचा होता. ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यापुढे त्याचे काही चालत नसे, म्हणून मी तीनशे वॉटचा घेतला. आवाज दुप्पट झाला, किंमत सातपट झाली आणि वजनाचा हिशेब माझ्या कमरेने ठेवला. सोबत दहा इंची चार स्पीकरांचे एक जुने खोके आले, ते पंचेचाळीस किलोंचे. अमेरिकेत अँपेग कंपनीने १९६९ मध्ये तीनशे वॉटचा अँप्लिफायर आणि आठ स्पीकरांचे उभे कपाट काढले होते, त्यामानाने माझे खोके निम्मेच होते, या विचाराने मी काही दिवस स्वतःचे समाधान करून घेतले.

आम्ही त्रिमूर्तीनगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही, पायऱ्या चोपन्न आहेत. प्रत्येक कार्यक्रमाच्या दिवशी मी आणि आमचा ढोलकवाला ते खोके उतरवत असू आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका दार उघडून, “काय, बदली झाली का?” असे विचारत असत. रात्री दीड वाजता तेच खोके वर चढवताना काका पुन्हा दार उघडत आणि म्हणत, “रद्द झाली वाटते.” दोन लग्नसराया अशा गेल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी मला व्यवसाय विचारला. मी बेस वाजवतो, असे सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे नेमके काय उचलता?”

हल्ली अडीच किलोंचे अँप्लिफायर मिळतात आणि माझ्याकडे आता तसाच आहे. त्याच्या आवाजाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार त्याच्या रूपाविषयी आहे. तो जेवणाच्या डब्यासारखा दिसतो. पंचेचाळीस किलोंचे खोके मांडवात शिरले की वधूपिता स्वतः येऊन, “कलाकारांचे जेवण झाले का?” असे विचारत असत. हा डबा पाहिल्यावर कलाकार जेवण घरूनच घेऊन आला आहे, अशी त्यांची समजूत होते. जुने खोके आम्ही विकले नाही. त्यावर सध्या कूलर ठेवलेला आहे.

कूलरचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगतो की आमच्या घरात तो माझ्यासाठी किंवा पत्नीसाठी नसून गिटारीसाठी चालतो, असा पत्नीचा आरोप आहे आणि तो खरा आहे. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि हवेत ओलावा औषधालाही सापडत नाही. लाकूड सुकते, गिटारीची मान मागे वाकते आणि तारा मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांना घासून खरखरू लागतात. शिवाय मानेचे लाकूड आकसल्यामुळे पट्ट्यांची टोके बाहेर येऊन तळहाताला ओरखडे काढतात. जुलैत पाऊस लागला की तीच मान पुढे वाकते. म्हणून मानेच्या आत एक पोलादी सळई बसवलेली असते आणि वर्षातून दोनदा ती पान्याने सैल किंवा घट्ट करावी लागते. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओलसर हवा मानेला मानवते, हा माझा अनुभव आहे. पत्नी म्हणते, “माझी मान आखडते तेव्हा कूलरचे तोंड तिकडेच असते.”

या सळईने मला एकदा मेट्रोच्या स्थानकावरही थांबवले. पिशवी क्ष-किरणांच्या यंत्रातून गेली आणि पडद्यावर लाकडाच्या पोटात एक लांब लोखंडी वस्तू दिसली.

“भाऊ, ह्या लाकडात सळाख कायले टाकली?” सुरक्षारक्षकाने अगदी सौजन्याने विचारले.

“मान सरळ राहावी म्हणून. उन्हाळ्यात ती मागे वाकते.”

त्याने क्षणभर विचार केला. “आमच्या बाबाची बी मान धरली हाय चार दिवसांपासून,” तो म्हणाला आणि मला जाऊ दिले.

तारांविषयी थोडक्यात सांगतो. बेसच्या तारा महाग असतात आणि बोटांचा घाम व मळ त्यांच्या वेढ्यांत बसला की त्या मुक्या होतात. अशा वेळी त्या काढून दहा मिनिटे पाण्यात उकळतात. मग चार-दोन कार्यक्रमांपुरता त्यांचा कंठ परत फुटतो. ही युक्ती जगभरचे गरीब बेसवादक वापरतात. फरक इतकाच की त्यांच्या स्वयंपाकघरात माझी आई नसते. तिने झाकण उचलले, पातेल्यात डोकावली आणि, “शेवया आहेत तर दूध काढून ठेवायला सांगायचे होते,” असे म्हणाली. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन तर तारा तुटल्याशिवाय बदलत नसत, हे मी तिला सांगितले. त्यांच्या घरी कोणी बोलणारे नसेल, असे तिचे मत पडले.

आता त्या संध्याकाळविषयी.

हिंगणा रस्त्यावरच्या एका लॉनवर मेच्या दुसऱ्या आठवड्यात रिसेप्शन होते. आम्ही दुपारी चार वाजता पोहोचलो. सगळी वीज एका जनरेटरवर होती आणि अर्थिंगची सळई जमिनीत होती किंवा कसे, याविषयी तेथे दोन मते होती. साउंडवाल्याने यंत्रणा सुरू केली आणि सर्व स्पीकरांतून एक जाड, अखंड ‘घुंऽऽऽ’ असा आवाज येऊ लागला. रंगमंचावरच्या सातही जणांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिले.

हा माझा नेहमीचा अनुभव आहे. चांगला बेस कोणाला ऐकू येत नाही. रिसेप्शनचे चित्रीकरण नंतर मोबाईलवर येते, तेव्हा त्याच्या इवल्याशा स्पीकरमधून माझे खालचे स्वर तर मुळीच येत नाहीत आणि मी चार तास कपडे वाळत घालण्याचा सराव करत असल्यासारखा दिसतो. पण मांडवात कुठेही जाड आवाज झाला, बाहेर ट्रक उभा राहिला, आकाशात गडगडले, कोणाच्या पोटात गुरगुरले, तरी माना माझ्याकडे वळतात. मी दोन्ही पिकअप सारखे केले. घरघर तशीच. गिटार साउंडवाल्याच्या यंत्रणेला जोडणाऱ्या डी. आय. बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचे बटण असते. त्याने दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह तोडता येतो. ते दाबले. घरघर तशीच. शेवटी मी गिटारीची वायर उपसून हातात धरली आणि सर्वांना दाखवली. घरघर चालूच होती. “तरी पण एकदा नीट बघून घे न,” असे गायक म्हणाला.

आमचे कीबोर्डवाले काका चाळीस वर्षे पेटी वाजवून मग कीबोर्डकडे आलेले. त्यांनी डोळे मिटले, एक पट्टी दाबून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. “काळी चार आहे,” ते म्हणाले. “आपण काळी एकमध्ये गाणार. म्हणजे हा पंचम झाला. तानपुरा लागलाय असे समजा.” आणि खरोखरच, साउंड-चेक फार सुरेल झाला.

काकांचा कान चुकला नव्हता, त्यांचा विजेचा अभ्यास कमी होता. जनरेटरवर भार नसतो तेव्हा तो जरा जोरात फिरतो, विजेची आवर्तने सेकंदाला बावन्नच्या आसपास जातात, आणि बावन्न हर्ट्‌झ म्हणजे जवळजवळ नेमकी काळी चार. भार वाढला की तो पन्नासवर उतरतो. सात वाजता पाहुणे आले. लॉनवरचे बारा मोठे कूलर एकामागून एक सुरू झाले, दिव्यांच्या माळा लागल्या आणि आमचा तानपुरा पहिल्याच गाण्याच्या मुखड्यात पंचमावरून घसरत तीव्र मध्यमाकडे निघाला. सुखी दांपत्याला शुभेच्छा देणारे ते गाणे होते. तीव्र मध्यम लागताच त्यात अशी काही कातरवेळ भरून आली की, पुढच्या रांगेतील वधूच्या आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. गायकाने माईक बाजूला धरून मला सांगितले, “तुझा बेस उतरला आहे.”

मी ट्यूनर दाखवला. चारही तारा जागेवर होत्या. त्याने ट्यूनरवरही अविश्वास दाखवला.

पहिले गाणे संपताच काकांनी निर्णय घेतला. पट्टी अर्ध्या स्वराने खाली आणायची, पांढरी एकमध्ये गायचे, म्हणजे घरघर पुन्हा पंचम होईल. पण पांढरी पाच येते एकोणपन्नास हर्ट्‌झवर आणि जनरेटर होता पन्नासवर, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सुमारे एकतृतीयांशाने चढा. काकांनी कीबोर्डचा सूर तेवढा वर केला, मी चार खुंट्या पिळल्या, गिटारवाल्याने सहा पिळल्या आणि ऑक्टोपॅडवाला पाणी पीत बसला. एका जनरेटरशी सुरात सूर मिळवण्यासाठी आठ मिनिटे गेली. त्या वेळात निवेदिकेने उखाण्यांचा कार्यक्रम घेतला, तो आमच्यापेक्षा जास्त रंगला.

पुढची पाच गाणी बरी झाली. नऊच्या सुमारास चाटच्या काउंटरवर कोणीतरी विजेच्या दोन मोठ्या शेगड्या लावल्या, जनरेटर धापा टाकू लागला आणि घरघर खरोखरच एकोणपन्नासवर, शुद्ध पांढरी पाचवर आली. आता आम्ही सगळे चढे होतो. काकांनी मान हलवली, आम्ही खुंट्या उलट्या पिळल्या. दहा वाजता शेगड्या बंद झाल्या. पावणेअकराला पाहुणे पांगले, माणसांनी कूलर बंद करायला सुरुवात केली आणि विदाईच्या गाण्यात प्रत्येक कूलरबरोबर तो स्वर एक-एक पायरी वर चढू लागला. गायक नकळत त्याच्यामागे चढत गेला, काका कीबोर्डचा सूर फिरवत राहिले, मी डाव्या हाताने वाजवत आणि उजव्या हाताने पिळत राहिलो. शेवटच्या कडव्याला सगळे मिळून काळी एकच्या पंचमावर पोहोचलो, तेव्हा गायकाच्या कपाळावरच्या शिरा मोजता आल्या असत्या.

सामान आवरताना वरपक्षाकडील एक वृद्ध गृहस्थ खास मला भेटायला रंगमंचावर आले. माझा हात हातात घेऊन ते म्हणाले, “तुमचा तो घुंऽऽऽ आवाज लय बेस होता.” मी त्यांचे आभार मानले.

काकांकडे प्रत्येक कार्यक्रमाची एक वही असते. त्यात गाणे, गायक आणि पट्टी असे तीन रकाने त्यांनी चाळीस वर्षे नेमाने भरलेले आहेत. रात्री बारा वाजता, परतीच्या गाडीत, टॉर्च दातांत धरून त्यांनी त्या दिवसाची सोळा गाणी लिहिली आणि तिसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक कंस काढून त्यापुढे लिहिले : ‘जनरेटरप्रमाणे’.