गाठ लागत नाही, म्हणून मान स्वच्छ?

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मजकूर फिरतोय: ‘घशाच्या कॅन्सरमध्ये मानेला गाठ लागत नसेल आणि स्कॅन स्वच्छ असेल, तर मानेचं ऑपरेशन ही निव्वळ लूट. गाठ आलीच तर पुढे बघता येतं. शिवाय सुरी लागली की कॅन्सर पसरतो आणि हात कायमचा जातो.’ खाली नमस्कारांची रांग. आयुष्य पॅथॉलॉजीत गेलं, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी गाठीचं. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याला आजीनंच शिकवलंय. घशाचा निचराही तसाच मानेतल्या ग्रंथींकडे होतो. पण अवधाण ठणकतं. कॅन्सरच्या मूठभर पेशी ग्रंथीत जाऊन बसल्या, तर ती ना दुखते ना फुगते. डॉक्टरांनी कितीही चाचपलं तरी काय लागणार?

स्कॅनचीही हीच अडचण. सीटी मुख्यतः ग्रंथीचा आकार आणि ठेवण बघतो. पेट स्कॅन पेशींची साखरेची भूक टिपतो, पण दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका सहज निसटतो. ऑपरेशनमध्ये काढलेली मानेतली चरबी, आतल्या ग्रंथींसकट, आमच्या टेबलावर येते. ती बोटांनी चिवडून एकेक ग्रंथी काढायची, चकत्या करायच्या. मटाराएवढी, दिसायला धडधाकट ग्रंथी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या कडेला पेशींचा पुंजका! हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

मजकुरात थोडं तथ्य आहे, तेही सांगतो. स्वरतंतूंवर लसिकावाहिन्या, म्हणजे हा निचरा ग्रंथींकडे नेणाऱ्या बारीक नळ्या, विरळ असतात. तिथला सुरुवातीचा कॅन्सर मानेत क्वचितच जातो, म्हणून बहुतेकदा मानेला हातही लावत नाहीत. पण तिथून बोटाच्या पेराएवढं वर, स्वरयंत्राच्या वरच्या भागात, त्याच वाहिन्यांचं दाट जाळं आहे, आणि तिथला रोग मानेच्या दोन्ही बाजूंना लपून जाऊ शकतो. तेव्हा ‘घशाचा कॅन्सर’ एवढ्यावर निर्णय होत नाही. लपून पसरण्याची शक्यता साधारण 15 ते 20 टक्क्यांच्या वर असेल तर मानेवर उपचार करतात. तो दरवेळी सुरीनंच होतो असंही नाही; मूळ रोगाला रेडिएशन ठरलं असेल तर मानही त्यातच घेतात.

‘पुढे बघू’चा हिशोब मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटानं मांडला, 2015 साली. तो तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचा, घशाचा नव्हे. मान आधीच साफ केलेल्यांत तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात होते. गाठ येईपर्यंत थांबलेल्यांत 67.5 टक्के. घशाला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत, पण थांबणं फुकट नसतं एवढं त्यातून कळतं.

सुरी लागल्यानं पसरतो, ही भाकडकथा. लपलेला रोग सुरीच्या आधीच तिथे असतो.

हाताचं भय मात्र जुन्या काळातलं. 1906 मध्ये अमेरिकन सर्जन जॉर्ज क्राइल यांनी मांडलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेत खांदा उचलणारी नसही जायची. आता ठरावीक ग्रंथीच काढतात आणि नस जपतात. तरी काही महिने वरच्या फळीवरचा डबा काढताना खांदा कुरकुरतो, व्यायाम करावा लागतो. घरात कुणाची तारीख ठरली असेल, तर सर्जनला विचारा: रोग नेमका कुठे आहे, तिथून लपून पसरण्याची शक्यता किती, आणि खांद्याची नस राहणार ना?