तळं भरेपर्यंत पैसे कोण देणार?

जर्मनीतल्या कोलोन-आखेन पट्ट्यातल्या मराठी घरांत भारतातून पाहुणे आले की आधी कोलोनचं कॅथेड्रल, आणि ते उरकलं की एल्सडॉर्फ. तिथे काठावर आरामखुर्च्या आहेत. पाय पसरून बसायचं आणि समोरची हामबाखची लिग्नाइटची (तपकिरी कोळशाची) खाण बघायची. सुमारे चारशे मीटर खोल, तळ समुद्रसपाटीच्या जवळपास तीनशे मीटर खाली. लांबवर फिरणारं चाकाचं एक्स्कॅव्हेटर खेळण्यातलं वाटतं, आणि मग कळतं की त्याचं वजन १४ हजार टन आहे आणि ते दिवसाला २ लाख ४० हजार टन माल उपसू शकतं. चालवायला माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

२०२९ मध्ये इथून कोळसा काढणं थांबणार. शेजारच्या गार्झवायलरमध्ये २०३० मध्ये. त्यानंतर खड्ड्यात ऱ्हाइनचं पाणी सोडून तलाव होणार, त्यात बोटी चालणार, काठावर हॉटेलं उभी राहणार. ही चित्रं फिरवत आपल्याच ग्रुपवर गेल्या महिन्यात "जर्मनीने करून दाखवलं" अशी पोस्ट आली आणि धडाधड लाइक पडले. मी दिला नाही. कारण मला खाण बंद होण्यापेक्षा बंद झाल्यानंतरची चाळीस वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

खाणीचं काम १९७८ मध्ये सुरू झालं. लिग्नाइट म्हणजे निम्मं पाणीच, लांब वाहून नेणं परवडत नाही, म्हणून खाणीजवळच जाळायचं. वरची माती काढून उत्तरेला टाकली, तिचा डोंगर झाला: झोफीनहोए. आसपासच्या जमिनीपेक्षा दोनशे मीटर उंच. झाडं लावली, पायवाटा काढल्या, रविवारी लोक फिरायला जातात. हे काम खरंच छान झालंय, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण याच खाणीने हामबाखचं जुनं जंगल खाल्लं, उरलं ते जेमतेम दहावा हिस्सा. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये झाडांवर घरं बांधून बसलेल्या आंदोलकांना पोलिसांनी उतरवलं, तेव्हा एक तरुण पत्रकार झाडांमधल्या झुलत्या पुलावरून पडून गेला. ऑक्टोबरमध्ये म्युन्स्टरच्या कोर्टाने तोड थांबवली. आणि आंदोलकांना उतरवण्याची ती कारवाई बेकायदा होती, असं कोलोनच्या कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं! तीन वर्षांनी.

मानहाइम गाव तर उठलंच. मायकल शूमाकर ज्या कार्टिंग ट्रॅकवर गाडी चालवायला शिकला तो याच गावाजवळ. लोक 'नव्या मानहाइम'मध्ये गेले. त्यानंतर ठरलं की कोळसा लवकर थांबवायचा, म्हणजे मानहाइमच्या खालचा कोळसा लागणारच नाही. तरीही तिथली जमीन खोदली जातेय. का? तर खाण ठरल्यापेक्षा लवकर थांबतेय, त्यामुळे खड्ड्याचे उतार पक्के करायला जेवढी माती मूळ आराखड्यात धरली होती तेवढी मिळत नाही. ती माती मानहाइमकडून आणायची. कोळसा नको, पण गाव गेलंच. त्यावर इथे जोरदार भांडणं आहेत, आणि ती व्हायलाच हवीत.

आता तलाव. योजना अशी: डोरमागेनजवळ ऱ्हाइनमधून पाणी उचलायचं, ४५ किलोमीटरच्या पाइपलाइनने आणायचं आणि २०३० पासून सोडायचं. हामबाखचा तलाव साडेतीन अब्ज घनमीटरच्या पुढे, म्हणजे आपल्या भाषेत सव्वाशे टीएमसीच्या घरात. उजनी ११७. पाइपलाइन मात्र दोन्ही खड्ड्यांसाठी मिळून सेकंदाला जास्तीत जास्त १८ घनमीटर. क्युसेकमध्ये सांगायचं तर साधारण ६३५. कोयनेचे दरवाजे उघडतात तेव्हा विसर्गाचे आकडे वाचायची सवय असलेल्या माणसाला हे हसू आणणारं आहे. तेही ऱ्हाइनला पुरेसं पाणी असेल तरच, रोज नाही; म्हणून चाळीस वर्षं. पाणी उतरलं की उपसा कमी करायचा, असा नियम आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ऱ्हाइनवरच्या काउबच्या मापपट्टीवर पाणी तीस-बत्तीस सेंटिमीटरपर्यंत खाली आलं होतं आणि जहाजं अर्धवट माल घेऊन चालली होती. असे उन्हाळे वाढले तर?

तोवर आणि त्यानंतरही उतारांवर नजर ठेवायची, भूजल सांभाळायचं. खाण कोरडी ठेवणारे पंप बंद झाले की पाणी वर येणार, आणि काही ठिकाणी ते लोकांच्या तळघरांत येणार. हा सगळा खर्च कोण भरणार? उत्तर ठरलेलं: कंपनी. खाण चालवणाऱ्या आरडब्ल्यूईने ताळेबंदात त्यासाठी तरतूद दाखवली आहे, शिवाय लवकर बंद करण्याबद्दल सरकारकडून २.६ अब्ज युरोची भरपाई मंजूर आहे. पण ताळेबंदातली तरतूद म्हणजे वेगळ्या तिजोरीत ठेवलेला पैसा नव्हे. २०७० मध्ये ही कंपनी कुठे असेल, कुणाची असेल, हे आज कोण सांगू शकतं?

गंमत म्हणजे याच राज्यात, तासाभराच्या अंतरावर, उत्तर आहे. रूर खोऱ्यातल्या भूमिगत दगडी कोळशाच्या खाणी बंद करताना २००७ मध्ये आरएजी फाउंडेशन स्थापन झालं. शेवटची खाण बॉट्रॉपला २०१८ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली आणि २०१९ पासून पाणी उपसण्याचा, कधीच न संपणारा खर्च हे फाउंडेशन आपल्या गुंतवणुकीतून भरतं. लिग्नाइटसाठी तसंच का नाही, हा प्रश्न इथले लोक विचारतात. माझंही मत तेच: पैसा कंपनीच्या हातातून काढून वेगळा ठेवा, आणि खाण चालू असताना, कमाई होत असतानाच ठेवा. नंतर मागाल तर वकील भेटतील.

हे मी इतकं का लिहितोय, तर माझं लहानपण घुग्घुसला गेलं. तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात लिग्नाइट नाही, दगडी कोळसा आहे, पण उघडी खाण ती उघडीच खाण. ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे ढिगारे, त्यावर वेडी बाभूळ, त्यात बिबट्या, जुन्या खड्ड्यात साचलेलं हिरवं पाणी आणि त्यात पोहायला जाणारी पोरं. इथे जर्मनीत ५८ ओलांडलेल्या कोळसा कामगाराला निवृत्तीपर्यंत जास्तीत जास्त पाच वर्षं सरकारी भत्ता मिळतो. आपल्याकडे कंत्राटी ड्रायव्हरला खाण थांबली की दुसऱ्या दिवशी काय, हे त्यालाच माहीत.

आणि कागदावर आपणही मागे नाही. केंद्राच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपयांच्या हिशेबाने एस्क्रो खात्यात, म्हणजे कंपनीला मनाला येईल तेव्हा काढता न येणाऱ्या वेगळ्या खात्यात, पैसे भरायला लावले, आणि तेव्हा दर पाच वर्षांनी केलेल्या कामाच्या बदल्यात त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत घेता येत होते. म्हणजे तत्त्व म्हणून आपलं खातं जर्मन ताळेबंदापेक्षा सरस! प्रत्यक्षात गावातल्या किती जणांना ते खातं आहे हे तरी ठाऊक आहे?

सास्ती, दुर्गापूर, पद्मापूर, वणीकडचे कोणी हे वाचत असाल तर एक करा. तुमच्या गावाजवळच्या खाणीचा क्लोजर प्लॅन (खाण बंद करण्याचा आराखडा) आणि एस्क्रोची शिल्लक माहिती अधिकारात मागा. जे हाती येईल ते खाली कमेंटमध्ये टाका, टाळाटाळीचं पत्र आलं तर तेही टाका.