सही करण्यापूर्वी थप्पीच्या मागे जाऊन या

मार्चअखेर जवळ आली की आमच्याकडे आर्टिकलशिप (सीए होण्यापूर्वीची उमेदवारी) करणारी मुले आणि बँकांत नुकतीच रुजू झालेली नात्यागोत्यातली मंडळी मला तेच तेच विचारतात : वित्त विश्लेषणाची सीएफए परीक्षा द्यावी की जोखीम व्यवस्थापनाची एफआरएम, आणि नोकरी कधी बदलावी? परीक्षा जरूर द्या, त्यांचा उपयोग होतोच. परंतु पंचवीसहून अधिक वर्षे लेखापरीक्षणात काढल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे, की कागदावरचा आकडा ज्या वस्तूबद्दल बोलतो ती वस्तू स्वतः जाऊन पाहण्याची सवय या क्षेत्रातल्या पहिल्या पाच वर्षांतच अंगी बाणवावी लागते. पुढे हुद्दा वाढतो आणि खुर्चीतून उठणे अवघड होत जाते.

मला ही सवय आपोआप लागली नाही. १९९८ साली मी फोर्टमधल्या एका कार्यालयात आर्टिकल होतो आणि ३१ मार्चच्या माल मोजणीसाठी मला भिवंडीच्या एका गोदामात पाठवण्यात आले होते. तिथले हिशेब पाहणाऱ्या मेहताजींनी चहा मागवला, टंकलिखित यादी पुढे ठेवली आणि ग्रे कापडाच्या गाठींच्या पाच थप्प्या दाखवल्या. मी समोरची रांग मोजली, उंची मोजली, खोली मेहताजींनी सांगितली ती धरली, गुणाकार केला आणि २४० गाठींपुढे टिक मारून संध्याकाळच्या एसटीने ठाण्याला परतलो. दुसऱ्या दिवशी कार्यालयात सरांनी कागद हातात घेऊन एवढेच विचारले, “थप्पीच्या मागे काय होते?” मला सांगता येईना. त्यांनी मला तसेच परत पाठवले. या वेळी मी शिडी मागितली आणि वर चढून पाहिले, तर तीन थप्प्या मधून पोकळ होत्या; आत दुमडलेले बारदान टाकलेले होते. मोजून १७१ गाठी भरल्या. त्याच मालाचे स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचे विवरण, दर महिन्याला बँकेत जात होते आणि त्यावर काढलेल्या ड्रॉइंग पॉवरच्या (किती पैसे उचलता येतील त्या मर्यादेच्या) आधारे कॅश क्रेडिट या मालतारण कर्जाच्या खात्यातून पैसे उचलले जात होते. सर रागावले असते तर मी कदाचित विसरलोही असतो. ते काहीच बोलले नाहीत, म्हणून ती शिडी अजून आठवते.

मोठ्या प्रकरणांतही हीच चूक मोठ्या आकड्यांत दिसते. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली, की पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. बँकेतली शिलक तपासण्यासाठी लेखापरीक्षकाने बँकेकडे स्वतः पत्र पाठवायचे आणि उत्तर थेट आपल्याकडेच येईल हे पाहायचे असते. सत्यमच्या बाबतीत हे काम कंपनीच्याच माणसांवर सोपवले गेले, असे अमेरिकेच्या रोखे नियामकाने २०११ साली आपल्या आदेशात नोंदवले. ज्याची शिलक तपासायची त्याच्याच हातून उत्तर घेतले, तर उत्तर काय येणार? तुम्ही कनिष्ठ असाल तर ही पत्रे पाठवण्याचे कंटाळवाणे काम तुमच्याच वाट्याला येईल. ते ग्राहकाच्या अकाउंटंटवर ढकलू नका.

याच्या उलट उदाहरण पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेचे आहे आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. तिथून वर्षानुवर्षे काही कंपन्यांच्या कर्जासाठी हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट या बँकांच्या संदेश यंत्रणेवरून इतर भारतीय बँकांच्या परदेशी शाखांना जात होते, पण स्विफ्ट कोअर बँकिंगशी, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेब प्रणालीशी, जोडलेले नसल्यामुळे बँकेच्या पुस्तकात त्यांची नोंद उमटत नव्हती. जानेवारी २०१८ मध्ये त्याच कंपन्या पुन्हा हमीपत्र मागायला आल्या, तेव्हा अधिकाऱ्यांनी पूर्ण रकमेचे रोख मार्जिन (हमीपोटी आगाऊ ठेवायची रक्कम) मागितले. पूर्वी असे कधी मागितले नव्हते, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी जुन्या नोंदी शोधल्या आणि त्या सापडल्याच नाहीत. पुढच्या महिन्यात सुमारे ११,४०० कोटी रुपयांचे प्रकरण बाहेर आले. ‘आधीपासून असेच चालते’ या वाक्यावर थांबला नाहीत, तर तुमच्या हातूनही असे काम होऊ शकते.

व्यवहारात अडचण येते ती वेळेची, हे मला मान्य आहे. बँक शाखेच्या लेखापरीक्षणाला मोजके दिवस मिळतात, फाइली ढीगभर असतात आणि सीनियरला रात्रीपर्यंत अहवाल हवा असतो. अशा वेळी जे पाहिले नाही ते वर्किंग पेपरवर, म्हणजे तपासणीच्या आपल्या नोंदींत, स्पष्ट लिहा : ‘मागील रांग मोजलेली नाही’, ‘मूळ दस्त पाहिलेला नाही, छायाप्रत पाहिली.’ सीनियर नाराज होईल, होऊ द्या. पुढे चौकशी झाली तर तुमच्या बाजूने तेवढी एक ओळ उभी राहते.

माझी भाची एका बँकेत क्रेडिट ऑफिसर आहे. चौदा महिने झाले आणि दुसरीकडून तीस टक्के वाढीचा प्रस्ताव आला. “मामा, इथे राहून काय मिळणार?” असे तिने विचारले. मी तिला सांगितले, की तू मंजुरीसाठी मांडलेले पहिले खाते निदान एकदा नूतनीकरणाला येऊ दे, एखादा मंदीचा हंगाम त्यातून जाऊ दे आणि मग जा. कर्ज मंजूर करणारे पुष्कळ भेटतात. आपण मांडलेले कर्ज कसे फिटते किंवा कसे थकते, हे पाहिलेली माणसे फार थोडी असतात आणि मुलाखतीच्या दुसऱ्या प्रश्नातच ती ओळखू येतात.

ती थांबली. परवा तिचा फोन आला : एका यंत्रमाग कारखान्याचे स्टॉक स्टेटमेंट वाढत चालले आहे, पण भेटीच्या दिवशी निम्मे माग बंद होते, तर वीजबिले मागता येतील का? जरूर मागता येतील, मी म्हटले, निदान बारा महिन्यांची बिले मागून घे, त्यातली विजेची युनिट उत्पादनाशी ताडून पाहा. आणि त्यांनी दिलेल्या प्रतींवर विसंबू नकोस, ग्राहक क्रमांक घे आणि महावितरणच्या संकेतस्थळावर बिल स्वतः उघडून पाहा.