मोठी डिस्क लावली म्हणून गाडी लवकर थांबत नाही

लहान गाडी बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे. तो थोडक्यात असा: त्याच कंपनीच्या मोठ्या मॉडेलची पुढची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) आणि कॅलिपर (त्या चकतीवर पॅड दाबणारा भाग) आणा, बोल्ट जुळतातच, काम अर्ध्या दिवसाचं. थांबण्याचं अंतर जवळजवळ निम्मं होतं, पेडल हलकं लागतं, मागच्या ब्रेकला हात लावायची गरज नाही, आणि एबीएस (चाक फिरायचं थांबून लॉक होऊ नये म्हणून ब्रेकचा दाब आवरणारी यंत्रणा) असेल तर बाकीचं ते सांभाळून घेतं. यातलं जवळजवळ प्रत्येक विधान मला चुकीचं वाटतं, आणि विषय ब्रेकचा असल्याने ते नुसतं ऐकून सोडून देता येत नाही.

“अंतर निम्मं होतं.” ब्रेकचं काम चाक अडवण्यापुरतं. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीवर. ताशी १०० किलोमीटर वेगाला, कोरड्या रस्त्यावर घर्षणांक (या पकडीचं माप) ०.८ धरला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी उभी राहीपर्यंत सुमारे ४९ मीटर लागतात. या हिशेबात डिस्कचा व्यास कुठेच येत नाही. अंतर निम्मं करायचं तर घर्षणांक १.६ हवा, आणि रस्त्यावरच्या साध्या टायरकडून तो मिळत नाही. तुमच्या गाडीची चाकं जोरात ब्रेक दाबल्यावर आजही लॉक होत असतील किंवा एबीएस थरथरत असेल, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. तिथे आणखी ताकद घालून काय मिळणार? चांगले टायर घातले तर मात्र फरक लगेच कळेल.

“मागच्या ब्रेकला हात लावायची गरज नाही.” खरा धोका इथे आहे. समजा मूळ कॅलिपरचा पिस्टन (तेलाच्या दाबाने पॅड ढकलणारा दट्ट्या) ४८ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि नवा ५४ चा. पिस्टनचं क्षेत्रफळ २७ टक्क्यांनी वाढलं. डिस्क मोठी झाल्याने पॅड जिथे घासतो ती त्रिज्या आणखी ८ टक्क्यांनी वाढली असं धरू. म्हणजे तेलाचा दाब तेवढाच असताना पुढच्या चाकांवरचा जोर सुमारे ३७ टक्क्यांनी वाढला, मागचा होता तेवढाच राहिला. आता १,००० किलोची गाडी घ्या, उभी असताना ६० टक्के वजन पुढे. जोरात ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं. लहान गाडीच्या नेहमीच्या मापांत हा भार पुढे सुमारे ७७७ किलो आणि मागे २२३ किलो असा होतो. मूळ ब्रेक याच प्रमाणात जुळवलेले असतील, तर नव्या जोडणीत पुढची चाकं फार लवकर लॉकच्या काठावर येतात, आणि त्या क्षणी मागच्या ब्रेकने आपल्या वाट्याचं काम पुरतं केलेलं नसतं. एबीएस नसलेल्या गाडीत चालकाने पाय त्या काठावरच धरला, तर ४९ मीटरचं अंतर सुमारे ५३ मीटर होतं. मोठे ब्रेक बसवून गाडी जवळजवळ स्वतःच्या लांबीइतकी पुढे जाऊन थांबते. शिवाय पुढची चाकं लॉक झाली की स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो.

कंपन्या मुद्दामच पुढची चाकं मागच्यांच्या आधी लॉक होतील असं प्रमाण ठेवतात, कारण मागची आधी लॉक झाली तर गाडी गिरकी घेते. म्हणजे कारखान्यातून निघालेल्या गाडीत ब्रेकचा तोल आधीच थोडा पुढे झुकलेला असतो. आपण त्याला आणखी पुढे ढकलतो.

“पेडल हलकं लागतं, म्हणजे ब्रेक सुधारले.” हलकं लागतं हे खरं. पण २७ टक्के मोठ्या पिस्टनला तितकंच सरकायला २७ टक्के जास्त तेल लागतं, आणि पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच आहे. म्हणून पेडल जास्त खोल जातं. बऱ्याच लहान गाड्यांत तेलाच्या दोन वाटा तिरप्या असतात, एक पुढचं आणि त्याच्या विरुद्ध बाजूचं मागचं चाक मिळून एक वाट. त्यातली एक फुटली, तर उरलेल्या वाटेवर गाडी थांबवण्याइतकी पेडलची चाल शिल्लक हवी. ती खात्री कंपनीने मूळ कॅलिपर धरून केलेली असते. यावर “मग मोठा मास्टर सिलिंडर घाला” असं सुचवतात. त्याचं क्षेत्रफळही २७ टक्क्यांनी वाढवलं, तर पायाचा जोर तोच असताना दाब २१ टक्क्यांनी उतरतो. मोठ्या पिस्टनने मिळवलेलं तिथेच संपतं, आणि मागचे ब्रेक आणखी दुबळे होतात.

“एबीएस सांभाळून घेईल.” एबीएस लॉक होऊ पाहणाऱ्या चाकाचा दाब कमी करतं. पुढची चाकं त्याने धरून ठेवली असताना तुम्ही पाय आणखी जोरात दाबला, तर मागचा दाब वाढू शकतो, आणि वरचं चार मीटरचं नुकसान बरंचसं भरून निघतं. हे मान्य करायला हवं. पण पेडल पायाखाली थरथरत असताना आणखी दाबायचं धैर्य घाबरलेल्या चालकाला होतंच असं नाही. दाब किती सोडायचा, किती भरायचा याचं गणितही मूळ कॅलिपरवर बसवलेलं असतं.

“बोल्ट जुळतात.” जुळले तरी पुष्कळ उरतं: हबचं मधलं भोक, डिस्कची खोली, होजच्या टोकाचे आटे, आणि रिमच्या आत कॅलिपरला जागा. मिनी या जुन्या ब्रिटिश लहान गाडीचं उदाहरण बोलकं आहे. तिच्या १९६१ च्या कूपर मॉडेलला ७ इंची डिस्क होत्या, १९६३ च्या कूपर एसला साडेसात इंची, दोन्ही १० इंची रिममध्ये. १९८४ मध्ये ८.४ इंची डिस्क आली, ती १२ इंची रिम सोबत घेऊनच. कॅलिपर डावा-उजवा अदलाबदल झाला, तर हवा काढायचं निपल खाली येतं आणि वर अडकलेली हवा कितीही पंप केलं तरी निघत नाही. डिस्क किंवा कॅलिपर घासून बसवणं तर साफ नाकारावं.

या सल्ल्यात एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि नेमकी तीच कुणी नीट सांगत नाही: उष्णता. १,००० किलोची गाडी १०० च्या वेगावरून थांबते तेव्हा सुमारे ३८६ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. चार किलोची पुढची डिस्क अशा एका थांबण्यात साधारण ७५ अंशांनी तापते, साडेपाच किलोची ५५ अंशांनी. घाटात ३०० मीटर उतरताना नुसत्या ब्रेकवर गाडी आवरली, तर असं साडेसात वेळा थांबण्याइतकी उष्णता तयार होते. तिथे जड, हवा खेळती ठेवणारी व्हेंटिलेटेड डिस्क नक्की मदत करते. भरल्या गाडीने वरचेवर घाट उतरणाऱ्याने किंवा ट्रॅकवर जाणाऱ्याने हा विचार जरूर करावा. मात्र तेव्हा आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचा पूर्ण संच घ्यावा: नकल (चाकाचा हब आणि कॅलिपर धरणारा भाग), डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, मागच्या दाबाचा व्हॉल्व्ह आणि त्या मॉडेलचे मागचे ब्रेकही.

बाकीच्यांनी आधी ब्रेक ऑइल बदलावं. ते हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २०५ अंश असतो, पाणी शोषल्यावर १४० पर्यंत उतरू शकतो, डॉट ४ चा २३० वरून १५५ वर. मग कॅलिपरच्या सरकत्या पिना मोकळ्या आहेत का, मागच्या ड्रमचे शू नीट लावलेले आहेत का आणि रबरी होज फुगतात का ते पाहावं. पॅड चांगल्या दर्जाचे घ्यावेत आणि नवे बसवल्यावर मध्यम वेगावरून हलके ब्रेक लावत ते डिस्कवर बसू द्यावेत. उतारावर गिअर खालचा ठेवावा. इतकं करूनही ब्रेक तापून पेडल निकामी होत असेल, तर मोठ्या डिस्कचा विषय काढायला हरकत नाही.