अडॅप्टरचे तीनशे देतो म्हणे!

काल जळगावला गेलो होतो, एक्स्चेंजला. अमळनेरहून एसटीत, वाजवायचा जुना कीबोर्ड दोन्ही गुडघ्यांत उभा धरून, बाहेर हे असं ऊन, आणि शेजारच्या आजीबाई विचारतात, "हाई काय शे भाऊ, पेटी?" त्यांचा राग नाही. राग पुढे आहे.

दुकानातल्या पोराने बॅग पूर्ण उघडलीसुद्धा नाही. अर्धी चेन, आत एक बोट, मधला सा. झाली परीक्षा! म्हणे, "काका, हे मॉडेल आता चालत नाही." चालत नाही? परवाच्या हळदीत चार तास काय मग मी तोंडाने वाजवत होतो? आणि काका कोणाला म्हणतो रे? मग त्याने कॅल्क्युलेटर काढला, काहीही न दाबता परत ठेवला, मालकाला हाक मारली. मालकाने गल्ल्यावरूनच मान हलवली. शेवटी पोरगं म्हणतं, "याचं काही लागणार नाही. अडॅप्टर ओरिजनल असेल तर त्याचे तीनशे देतो. स्टँड आणलंय का? स्टँडचे देता येतील."

अडॅप्टरचे! म्हणजे एवढ्या उन्हात मी वायर पोचवायला आलो होतो! वरून माझ्याच समोर नव्या मशीनचं डेमोचं बटण दाबून हात बांधून उभा राहिला, "साउंड बघा काका." अरे, ते एकटंच वाजतंय, तुझं त्यात काय? डेमोला माझाही ऑर्केस्ट्रा होतो. डेमोनंतर मी बसलो की गावचा बॅण्ड होतो, ही गोष्ट वेगळी.

बरं, हे खूळ डोक्यात घातलं कोणी? मेकॅनिकने. वरचे ग आणि म कितीही हळू दाबा, बोंबलूनच उठतात. वरातीच्या गाडीवरची धूळ, गुलाल, सगळं पट्टीखालच्या रबरात जाऊन बसलंय. पट्टी दाबली की खालचे दोन संपर्क एकापाठोपाठ जुळतात, त्यांतल्या वेळेवरून मशीन हळू की जोरात ते ओळखतं. तेच कळेनासं झालं की ते बिचारं काय करणार? खोलून, रबर काढून स्पिरिटने पुसायचं काम. पण साहेब स्क्रू-ड्रायव्हरला हात लावतील तर शपथ. "रबर भेटत नाही, नवा ली ले ना भो." आमचा ऑक्टोपॅडवाला तेच म्हणतो. ज्याला दोन वर्षांत पॅडमध्ये नवा लूप, म्हणजे तयार ठेका, टाकता आला नाही, तो मला जुना म्हणतो! आणि गायक? काळी चार सांगून मुखडा उचलतात आणि अंतऱ्याला घसा बसला की माझ्याकडे बघून, "याचं ट्रान्सपोज जरा गंडलंय वाटतं." म्हणजे पट्टी मीच चुकीची लावली!

त्यात रात्रीचे ते व्हिडिओ. "नमस्कार दोस्तों" झालं की माझा हात कंट्रोलमध्ये राहत नाही. यामाहाची एसएक्स 900 आली 2019 ला, 920 आली 2024 ला. मधल्या वीसमध्ये काय आहे हे बघत मी दोन वाजेपर्यंत जागा. घेणार कशाने? कापसाच्या भावाने?

आणि हजार-हजार टोन असतात, त्यातले बघायला जा, 1991 साली जनरल मिडीने, म्हणजे सगळ्या कंपन्यांसाठी ठरवलेल्या आवाजांच्या यादीने, लावलेली तीच 128 जणांची हजेरी आत कुठेतरी सापडतेच. एकला पियानो, 105 ला सतार, 112 ला शहनाई, तीही सर्दी झालेली. 126 ला हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टर! नवरदेव खरंच हेलिकॉप्टरमधून उतरला तरी आवाज तो स्वतःचा घेऊन येईल ना? 127 ला टाळ्या आहेत, त्या मात्र कंपनीने दूरदृष्टीने दिल्यात. आमच्या पार्टीला लागतात.

आता तुमच्याजवळ काय लपवायचं, मी वाजवतो चार टोन. स्ट्रिंग, बासरी, ती सर्दीवाली शहनाई आणि अकॉर्डियन. बाकीच्यांची नावंसुद्धा वाचलेली नाहीत. लोकांना तर तेवढेही नको असतात. हळदीत बायकांना ठेका पाहिजे, पोरांना डीजे पाहिजे, आणि आमच्या खानदेशातल्या कानबाईमातेच्या जागरणाच्या रात्री मला "तुम्ही जरा थांबा भाऊ" म्हणून बाजूला बसवतात, कारण गाणी त्यांची त्यांना पाठ असतात. मग बसतो शेवभाजी खात. तरी डोक्यात काय? स्टाईल, म्हणजे मशीनमधल्या तयार साथी, नवीन हव्यात, यातल्या विटल्या.

हे सगळं घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "एवढा कंटाळा आलाय तर मामंजींची पेटी काढा माळ्यावरून." काढली. भाता बरा आहे, सूरही लागतात. पण साधी आहे हो, पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी स्केल चेंजर नाही. डबल रीडची, एका स्वराला दोनच सूर. रात्री जरा चौकशी केली तर कळलं, गुजरातेतल्या पालिताण्याच्या सुरांची तिबल रीड, म्हणजे एका स्वराला बास-मेल-फिमेल असे तीन सूर, आणि वर स्केल चेंजर मिळते. कोणाकडे विकायची असेल तर सांगा. माझी साधी पेटी कोणी एक्स्चेंजमध्ये घेत असेल तर तेही सांगा.