ते कासव परत ठेवून या

आज दुपारी जेवता जेवता मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. निळा प्लॅस्टिकचा टब, तळाला टिश्यू पेपर, काकडीच्या दोन चकत्या आणि कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेलं बॉक्स टर्टल, म्हणजे इथल्या अमेरिकेतल्या जंगलातलं छोटं कासव. खाली लिहिलंय, "मुलांना ट्रेलवर सापडलं, आता आमच्याकडेच राहणार, काय खायला घालू?" आणि त्याखाली नुसता बदामांचा पाऊस. किती गोड, कासव आलं म्हणजे लक्ष्मी आली, ठेवून घ्या शुभ असतं. एवढ्या जणांत एकालाही म्हणावंसं वाटलं नाही की बाई गं, जिथून उचललंस तिथे आधी ठेवून ये. मी तिथेच लिहायला घेतलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी इथे लिहितेय. लांबणार आहे.

तसा टब आमच्याकडेही होता. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात येऊन वर्षही झालं नव्हतं, लेक सहा वर्षांचा. जूनमधली संध्याकाळ, नुकताच पाऊस पडून गेलेला, आणि रस्त्याच्या मधोमध एक कासव. नवऱ्याने गाडी थांबवली, दिवे लावले, मी उतरून उचललं. पिवळ्या-नारिंगी रेघांची पाठ, लालभडक डोळे. हातात घेतल्याबरोबर डोकं, पाय सगळं आत आणि खालून कवच असं बंद झालं की मध्ये नखही जाईना. लेक टाळ्या पिटायला लागला आणि मीच म्हटलं, घेऊन जाऊया घरी. मीच. आमच्या गावच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव आहे, लहानपणापासून त्याला हात लावून मगच आत जायची सवय, मला तर तो आशीर्वादच वाटला.

अकरा दिवस ठेवलं. काकडी दिली, गाजर किसून दिलं, लेट्यूस दिलं. कशाला म्हणून तोंड लावलं नाही. आणि रात्रभर गराजमधून आवाज यायचा, खर्र, खर्र, खर्र. टबच्या एकाच कोपऱ्यात, एकाच दिशेला पुढच्या पायाने खरवडत राहायचं. टब फिरवून ठेवला तर तेही फिरायचं आणि परत त्याच बाजूला, आमच्या गराजच्या दाराच्या बाजूला.

तेव्हा कळलं नाही. नंतर वाचलं, विचारलं, रेस्क्यूमध्ये, म्हणजे सोडून दिलेल्या कासवांच्या आसऱ्यात, शनिवारचं काम करायला लागले तेव्हा कळलं. हे कासव जिथे जन्मतं तिथेच दोन-चार फुटबॉल मैदानांएवढ्या जागेत अख्खं आयुष्य काढतं. कुठला ओंडका, कुठे पाणी साचतं, मश्रूम कुठे उगवतात, थंडीत कुठे पुरून घ्यायचं, सगळं त्याच्या डोक्यात. मेरीलँडमध्ये ल्युसिल स्टिकेल नावाच्या बाईंनी 1944 पासून पुढे कित्येक वर्षं एकाच जंगलातल्या बॉक्स टर्टल्सच्या कवचावर खुणा करून हे बघितलंय, तीच ती कासवं वर्षानुवर्षं त्याच त्या जागेत. लांब नेऊन सोडलं तर बरीचशी घर शोधत चालत सुटतात, रस्ते ओलांडतात, गाड्यांखाली जातात. पन्नास वर्षं सहज जगणारा प्राणी आहे हा, काही तर शंभरीपर्यंत जातात. मादी वयात यायलाच सात-दहा वर्षं, वर्षाला अंडी चार-पाच, त्यातली निम्मी-अधिक रकून खातात. एक मोठं कासव उचललंत की त्या जंगलाचं केवढं नुकसान होतं याचा हिशोब करा जरा. आणि इथला तर हा 1979 पासून राज्याचा अधिकृत सरपटणारा प्राणी! शाळेत पोरं त्याची चित्रं रंगवतात आणि शनिवारी घरी उचलून आणतात.

आता मुद्द्याचं. सगळा घोळ आपल्या एका शब्दाचा आहे. आपल्याला सगळंच कासव. देवळातलं कासव, वेळासच्या किनाऱ्यावरचं कासव, सशाला हरवणारं कासव. मग कोणीतरी म्हणतं माझ्या कलीगकडे टॉर्टॉइज आहे, मस्त राहतं, तुम्हीही ठेवा. अहो पण बॉक्स टर्टल हे टॉर्टॉइज नाहीच! ते तळ्यातल्या कासवांच्या कुळातलं, जमिनीवर राहायला आलेलं. पोटाखालच्या कवचाला बिजागरी असते म्हणून ते डबीसारखं बंद होतं. त्याला ओलावा लागतो, पालापाचोळ्याची ओली माती लागते, गांडुळं, गोगलगायी, मश्रूम, बेरीज लागतात. काकडीवर नाही जगत ते. आणि लाजरं, घाबरट, जागा बदलली की खाणंच सोडतं.

टॉर्टॉइजचं वेगळं. हत्तीसारखे पाय, बहुतेकांना गवत-पाला पुरतो. आमच्याकडे सहा वर्षांपासून रशियन टॉर्टॉइज आहे, रेस्क्यूतून आणलेलं, आधीच्या मालकाला कंटाळा आला म्हणून दिलेलं. नाव चंदू. 1968 मध्ये सोव्हिएत रशियाने झोंड 5 या यानातून अशीच दोन कासवं चंद्राला वळसा घालून आणली होती, माणसाच्याही आधी, हे लेकाने कुठेतरी वाचलं आणि तिथेच बारसं झालं. चंदू मला ओळखतो. सकाळी डँडेलायनची पानं घेऊन गेले की तुरुतुरु येतो, हो, तुरुतुरु, कासव हळू चालतं हे ज्याने कोणी ठरवलं त्याने चंदूला भूक लागलेली बघितलेली नाही. ओल त्याला अजिबात चालत नाही. बॉक्स टर्टलचं घर याला दिलं तर हा आजारी पडेल आणि याचं कोरडं घर त्याला दिलं तर ते सुकून जाईल. इतका सरळ फरक आहे.

पण म्हणून टॉर्टॉइज सोपं असंही समजू नका. चंदूसाठी वाफ्याभोवती फूटभर खोल फळ्या पुराव्या लागल्या, नाहीतर खणून पळतो. हिवाळ्यात दिवा, उन्हाची कसर भरून काढणारा यूव्हीबी बल्ब वेळेवर बदलायचा. आणि सुलकाटा नावाचं आफ्रिकन टॉर्टॉइज तर घेऊच नका हो! दुकानात पिंगपाँगच्या बॉलएवढं पिल्लू असतं, हेच मोठं होऊन शंभर पौंडांचं होतं हे कोण सांगतं? आमच्या रेस्क्यूला दर उन्हाळ्यात फोन, "ताई, याने कुंपण तोडलं, घेता का?" भारतातल्या मंडळींनी तर स्टार कासवाचा विषयच काढू नये. पाळणं गुन्हा आहे आणि 2019 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. तरी लोक शुभ म्हणून हॉलमध्ये ठेवतात. इकडून बॉक्स टर्टल्स मोज्यात कोंबून, टेप लावून हाँगकाँगला पार्सल करताना पकडलीयत. मोज्यात! जिवंत! लिहिताना हात थरथरतोय माझा.

बरं, कोणी म्हणेल, ब्रीडरकडे जन्मलेलं बॉक्स टर्टल अंगणात वीस-तीस वर्षं छान सांभाळणारे लोक आहेत. आहेत. मला माहितीयेत दोघं-तिघं. त्यांनी जंगलातून उचललेलं नाही.

मघाशी फार रागात होते, आता चहा घेऊन बसलेय. त्या मुलीचा राग नाही गं मला. बाराव्या दिवशी आम्ही कासव परत न्यायला निघालो तेव्हा ते कुठे सापडलं होतं हेच आम्हाला नक्की आठवेना. वळणाच्या आधी की नंतर? कुठल्या बाजूला तोंड होतं? रस्ता ओलांडणारं कासव ज्या दिशेला चाललंय त्याच बाजूला नेऊन ठेवायचं एवढी साधी गोष्ट, तीही माहीत नव्हती. अंदाजाने एका ओकच्या झाडाखाली ठेवलं. लेकाने विचारलं, "आई, हेच झाड का गं?" मी म्हटलं, हो बाळा, हेच. आता तो सोळाचा आहे. त्या रस्त्याने गेलो की अजून दोघंही खिडकीतून खाली बघतो.

तर फोटो टाकणाऱ्या ताई, तू हे वाचत असशील तर ऐक. तुला एकच दिवस झालाय. महिनोन् महिने घरात, दुसऱ्या कासवांबरोबर राहिलं की रोगाच्या भीतीने जंगलात सोडताही येत नाही, पण तुझ्या हातात अजून सगळं आहे. मुलांना झोपायच्या आधी विचार, नक्की कुठे दिसलं, कुठल्या ओंडक्याजवळ, पुलाच्या अलीकडे की पलीकडे. आज विचार, उद्या विसरतील. काकडी काढ, थोडं पाणी ठेव, वरून टॉवेल टाक. मी सकाळी साडेसातला ट्रेलच्या पार्किंगमध्ये थांबते, पांढरी गाडी. मुलांनाही घेऊन ये, त्यांनीच दाखवू दे जागा.