कुलपाची सवय

जळगावला राहणाऱ्या दादाच्या घरी जूनपासून दिनक्रम बदलला. वहिनी एका शाळेत शिकवायला जाऊ लागल्या, मुलींची शाळा दुपारची झाली आणि चार वर्षे घरात कोणी ना कोणी असण्याची सवय असलेला त्यांचा कुत्रा टायगर अकरापासून साडेपाचपर्यंत कुलपाआड एकटा राहू लागला. आठ दिवसांत शेजाऱ्यांनी त्याच्या रडण्याची तक्रार केली आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर वाद पेटला. चोपडा तालुक्यात शेती करणाऱ्या जिभाऊंनी अहिराणीत विचारले, "घरमा कोंडीसन ठेवानं व्हतं तं कुत्रं पाळं कसाले?" त्यावर पुतणीचे उत्तर असे की, परदेशात तर सगळेच कुत्र्याला घरी ठेवून कामावर जातात, काकांनाच विचारा. मी गेली नऊ वर्षे स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे राहतो आणि माझ्याकडे कुत्रा आहे, एवढ्या पात्रतेवर मला साक्षीदार करण्यात आले.

पुतणीची माहिती अर्धीच खरी आहे. स्वीडनच्या कृषी मंडळाच्या नियमांनुसार कुत्र्याला दिवसा निदान दर सहा तासांनी बाहेर न्यावेच लागते. आठ तासांची नोकरी आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला, तर हा नियम एकट्या माणसाला पाळता येत नाही. म्हणून कोणी दुपारी शेजारच्या आजींना किल्ली देतो, कोणी कुत्र्यांच्या पाळणाघराचे पैसे भरतो, तर कोणी साहेबाची परवानगी घेऊन कुत्र्याला कार्यालयात नेतो. कुत्रा एकटा राहतो हे खरे, पण त्याच्या एकटेपणाभोवती एवढी माणसे उभी करावी लागतात.

शिवाय ही सवय जन्मजात नसते. आमचा भुऱ्या तीन वर्षांचा असताना दुसऱ्या घरातून आला. पहिल्याच सोमवारी मी संध्याकाळी परतलो, तेव्हा दाराच्या चौकटीवरचा पांढरा रंग खालच्या हातभर भागात खरवडून निघालेला होता, त्याचे कपचे त्याच्या नखांत अडकले होते आणि सकाळी ठेवलेले मांसाचे तुकडे ताटलीत तसेच वाळले होते. मी रागावलो, जे निरर्थक होते, कारण तासांपूर्वीच्या कृतीचा आताच्या ओरडण्याशी संबंध कुत्र्याला जोडता येत नाही. घाबरलेला कुत्रा आवडीचे खाणेही तोंडात घेत नाही, हेही मला तेव्हाच कळले. पुढे मोबाइलचा कॅमेरा लावून पाहिले, तर मी जिना उतरण्याआधीच त्याची धाप सुरू होत होती, आणि त्याची सुरुवात दार लावण्याने नव्हे तर किल्ल्यांच्या आवाजाने होत होती.

त्यामुळे काम किल्ल्यांपासूनच सुरू करावे लागले. किल्ल्या खणखणवायच्या आणि खुर्चीवर बसून चहा प्यायचा, बूट घालायचे आणि भांडी घासायची, दाराबाहेर दहा सेकंद थांबून आत यायचे आणि आल्यावर लाडाचा सोहळा करायचा नाही. तो बेचैन होण्याआधी परतणे हेच यातले मर्म असल्याने, दहा सेकंदांवरून दोन तासांवर जायला आम्हांला अडीच महिने लागले. तेवढे दिवस मी आणि पत्नीने कामाच्या पाळ्या आलटून पालटून घेतल्या. इथे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास सरकते, तेव्हाही आम्ही त्याचे जेवण आठवडाभर आधीपासून रोज दहा-दहा मिनिटांनी सरकवतो.

आता जिभाऊंचे म्हणणे. त्यांच्या मळ्यातला कुत्रा दिनक्रमातले कितीतरी मोठे बदल सहज पचवतो. कृषिपंपाची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री, आणि पाणी भरायला निघालेल्या माणसामागे तो दोन्ही वेळा केळीच्या बागेत जातो. वेळ बदलते, सोबत बदलत नाही. माझ्या लहानपणी गावातल्या घराचे दार दिवसभर उघडे असायचे आणि कुत्रा ओट्यावरच्या आजीपाशी पडलेला असायचा, म्हणून त्याला एकटे राहायला शिकवण्याचा प्रश्नच कधी आला नाही. मात्र त्याच गावात जन्मभर हातभर साखळीला बांधलेले कुत्रेही मी पाहिले आहेत, आणि त्याबद्दल जिभाऊ बोलत नाहीत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 नुसार, नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हाही गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड लिहिला आहे 10 ते 50 रुपये.

ओटा गेला, आजी गेल्या, दोघेही कमावते झाले आणि दाराला कुलूप लागले. हे जळगावात झाले तसेच धुळ्यातही होत आहे, आणि त्यात वहिनींचा काही दोष मला दिसत नाही. चूक एवढीच झाली, की शाळेची तारीख महिनाभर आधी ठाऊक असूनही टायगरला ती पहिल्या दिवशी सकाळी अकरा वाजता कळली.

गॉथेनबर्गचे सगळे तिथे चालणार नाही. इथे डिसेंबरात सूर्य नऊच्या सुमारास उगवून साडेतीनला मावळतो, त्यामुळे आमची अडचण अंधाराची असते. जळगावात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत दुपारी बारा वाजता कुत्र्याला डांबरी रस्त्यावर नेणे म्हणजे त्याचे तळवे भाजणे, आणि वीज जाऊन कूलर बंद पडला तर बंद खोलीतला एकटेपणा जिवावर बेतू शकतो. म्हणून सहा तासांच्या नियमापेक्षा किल्ली असलेला माणूस जवळ असणे तिथे अधिक महत्त्वाचे आहे.

दादाने खालच्या मजल्यावरच्या निवृत्त काकूंना किल्ली दिली आहे. त्या दुपारी दोनला वर जातात, पाणी बदलतात आणि टायगरशेजारी बसून मालिका पाहतात. किल्ल्या खणखणवण्याचा सराव पुतणीकडे आहे. काल तिचा संदेश आला, की ती दाराबाहेर अकरा मिनिटे थांबली आणि आतून आवाज आला नाही. जिभाऊंनी त्यावर अजून काही लिहिलेले नाही.